सॅक्सोफोन शिकताना: आधी फुंक, मग बोटं, गाणं सगळ्यात शेवटी

नव्याने सॅक्सोफोन हातात घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आवाज चिरकतो, खालचे सूर लागत नाहीत, पंधरा मिनिटांत ओठ सोलवटतो आणि पेटीवाल्याशी सूर काही केल्या जुळत नाही. बहुतेकांचा क्रमच चुकलेला असतो. पहिल्याच दिवशी अख्खं वाद्य जोडायचं, गळ्यात अडकवायचं आणि मोबाइल समोर ठेवून एखाद्या जुन्या हिंदी गाण्याची बोटं शोधत बसायचं, असं झालं की ओठांना वाईट सवय लागते आणि ती सोडवायला पुढे महिने जातात.

हा लेख नाशिकमध्ये घरी, बहुधा फ्लॅटमध्ये आणि बऱ्याचदा शिक्षकाशिवाय सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. टप्पे दिलेत त्याच क्रमाने घ्या. पाचवा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि पुढची निम्मी रडगाणी तिथूनच सुरू होतात.

१. वाद्य घेण्याआधी

सॅक्सोफोनचे चार प्रकार सर्रास दिसतात: सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बॅरिटोन. सुरुवातीला ऑल्टो घ्या. वजन अडीच किलोच्या आसपास, कळांमधलं अंतर आटोक्यात आणि फुंक बेताची लागते. टेनरच्या घोगऱ्या आवाजावर जीव जडलाय म्हणून थेट टेनर घेणारेही असतात. अंगकाठी चांगली असेल तर हरकत नाही, कारण चारही प्रकारांत बोटं तीच. सोप्रानो मात्र नको. लहान आणि सरळ दिसतो म्हणून सोपा वाटतो, पण सुरात ठेवायला सगळ्यात हट्टी तोच. लहान मुलांच्या बाबतीत पुढचे पक्के दात आलेले असावेत, म्हणजे साधारण नऊ-दहा वर्षांनंतर. हर्निया, दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर खरेदीआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

नवीन घ्यायचं तर यामाहाचं वायएएस-२८० हे विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल निर्धोक. बजेट कमी असेल तर अनोळखी ब्रँडच्या चकचकीत नव्या वाद्यापेक्षा नीट तपासलेलं जुनं चांगलं. जुनं वाद्य बरेचदा बँडवाल्यांकडून येतं. लग्नसराईतली धूळ आणि वरातीतला पाऊस त्याने सोसलेला असतो, त्यामुळे बघायचं ते नीट बघा:

- अंधाऱ्या खोलीत एलईडीची बारीक पट्टी कर्ण्यातून आत सोडा. एकेक कळ हलक्या बोटाने दाबा. पॅडच्या, म्हणजे कळेखालच्या भोक झाकणाऱ्या गादीच्या कडेने उजेड दिसला की तिथून हवा गळते.
- नेक, म्हणजे वरचा वळणदार तुकडा, बाजूने बघा. खाली दबल्यासारखा वाटला तर वाद्य सोडून द्या.
- कळांचे लांब दांडे सरळ आहेत का, दाबलेली कळ झटकन उठते का, तेही पाहा.
- पॅड कडक झालीत, फाटलीत? मग सगळी पॅड बदलायचा खर्च आधी विचारा. स्वस्त वाद्याच्या किमतीला तो सहज जाऊन भिडतो.

स्वतःला वाजवता येत नसेल तर वाजवणाऱ्याला सोबत न्या. चातुर्मासात लग्नं नसतात, गणपतीचे दिवस सोडले तर बँडवाल्यांना सवड असते. एखाद्या मास्तरांना रीतसर विनंती करा, मानधन आधी बोला. मात्र त्यांना चाल वाजवायला सांगू नका. अगदी हळू आवाजात वरून खालच्या बी-फ्लॅटपर्यंत, म्हणजे वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापर्यंत उतरायला सांगा. मुरलेला वादक जोर लावून गळकं वाद्यही वाजवून दाखवतो. हळू फुंकीत मात्र गळती लपत नाही.

२. सोबतचं सामान

माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, आवाजाचा निम्मा भाग ठरवतो. स्वस्त वाद्याबरोबर आलेला माउथपीस बाजूला ठेवून यामाहाचा ४सी घ्या. तो महाग नाही आणि नवशिक्याला बरोबर बसतो. धातूचे, रुंद तोंडाचे माउथपीस फोटोत देखणे दिसतात. ते वर्षभर विसरा.

रीड, म्हणजे माउथपीसवर बसणारी, फुंकीने थरथरणारी पातळ पट्टी, २ नंबरची. फार कडक वाटली तर दीड. ‘मोठा वादक कडक रीड वापरतो’ हे ऐकून ३ नंबर आणणाऱ्याला पहिल्या आठवड्यात फक्त हवेचा फुसफुस आवाज मिळतो, आणि तो काढायला माणूस ओठ आवळतो. ऑल्टोच्या रीड बहुधा दहाच्या खोक्यात येतात, एकदम खोकं घेतलेलं परवडतं.

बाकी सामान थोडं आहे: गळ्यात घालायचा रुंद पट्टा, कॉर्क ग्रीस, आतून पुसायला दोरीचा स्वॅब, रीड सपाट ठेवायची डबी, मोबाइलवर सूर दाखवणारा ट्यूनर, मात्रा मोजणारा मेट्रोनोम आणि तानपुरा. कॉर्क ग्रीसऐवजी खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल चालणार नाही. कॉर्क फुगतो, खालचा गोंद सुटतो.

३. जोडणी

रोज हाच क्रम:

1. आधी पट्टा गळ्यात. वाद्य पेटीतून काढलं की लगेच अडकवता आलं पाहिजे.
2. रीड तोंडात ओली करायला ठेवा. पुढची कामं होईपर्यंत ती तयार होते.
3. नेकच्या कॉर्कला ग्रीसचं बोट फिरवा. माउथपीस हलका पिळत कॉर्कच्या साधारण निम्म्यापर्यंत बसवा.
4. वाद्य उचलताना कर्ण्याच्या काठाला धरा. कळांच्या दांड्यांना धरून उचललं की दांडे वाकतात.
5. वरच्या टोकाचं झाकण काढा, नेकचा स्क्रू सैल करा, नेक पिळत आत घाला. नेकची गोल कडी वाद्याच्या वरच्या बारीक खुंटीला धक्का न देता तिच्याभोवती आली पाहिजे. मग स्क्रू घट्ट करा, पण पक्कड लावल्यासारखा नको.
6. पट्ट्याचा हूक मागच्या कडीत अडकवा आणि हाताने ओढून खात्री करा.

तपासणी: डाव्या हाताची पहिली तीन बोटं त्यांच्या कळांवर (कुठल्या, ते सहाव्या टप्प्यात) दाबून ठेवा, म्हणजे जी ची बोटं झाली. आता डाव्या अंगठ्याची ऑक्टेव्ह कळ, म्हणजे सूर वरच्या सप्तकात नेणारी कळ, दाबा-सोडा करा. नेकवरचं छोटं झाकण हलता कामा नये. हलत असेल तर नेकची कडी वाकली आहे. या एका बिघाडामुळे कित्येक जण ‘माझा जी लागतच नाही’ म्हणत ओठांना दोष देत बसतात.

४. रीड बसवणं

लिगेचर, म्हणजे रीड माउथपीसला धरून ठेवणारी स्क्रूची पकड, आधी माउथपीसवर सैल चढवा आणि मग रीड वरून त्याच्या आत सरकवा. उलट केलं तर लिगेचरची धार रीडच्या पातळ टोकाला लागते आणि टवका उडतो. टवका उडालेली रीड फेकायची.

रीडची सपाट बाजू माउथपीसच्या सपाट भागावर. समोरून बघितल्यावर रीडचं टोक माउथपीसच्या टोकाला जुळलेलं, फार तर वर केसभर काळी कड दिसेल इतकं. डावीउजवीकडे नीट मध्यावर. स्क्रू रीड हलणार नाही इतकेच घट्ट.

सावधान: एकच रीड मरेपर्यंत वाजवू नका. चार रीडवर पेन्सिलने १ ते ४ आकडे घाला आणि रोज पुढची घ्या. अशाने रीड जास्त टिकतात, आणि एखाद्या दिवशी आवाज बिघडला तर दोष रीडचा की आपला हे कळतं.

५. नुसत्या नेकवर आवाज

इथे थांबायचं. वाद्य पेटीतच राहू द्या. हातात फक्त नेक, त्यावर माउथपीस आणि रीड. पहिला आठवडा एवढ्यावरच काढा. हे कंटाळवाणं आहे आणि घरचे हसतील, बदकासारखा आवाज येतो. पण बोटांची भानगड नसल्याने लक्ष ओठांवर राहतं, आणि नेमकं तेच हवं असतं.

कागदाचा चिटोरा रीड आणि माउथपीसच्या फटीत वरून सरकवा. तो जिथे अडतो, त्या जागी खालचा ओठ टेकायचा. ऑल्टोवर हे टोकापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर येतं. फार कमी तोंडात घेतलं तर आवाज किरटा येतो, फार जास्त घेतलं तर वाद्य किंचाळतं.

आता ओठ. वरचे दात माउथपीसच्या माथ्यावर टेकवा, थेट. वरचा ओठ दातांखाली दुमडू नका. खालचा ओठ खालच्या दातांवर थोडाच आत घ्या, गादीसारखा. ओठांचे कोपरे मध्याकडे, जसे ‘ऊ’ म्हणताना येतात. हसल्यासारखे कोपरे मागे ताणले गेले की आवाज पातळ झालाच म्हणून समजा. हनुवटी सपाट, गाल फुगवायचे नाहीत. वरातीत गाल फुगवून तासन् तास वाजवणारे दिसतात, त्यांची नक्कल करू नका.

श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतून घ्या, पोट आणि बरगड्या रुंदावतील असा. खांदे वर गेले तर श्वास अपुरा. गाणं शिकलेल्यांना हे सांगावं लागत नाही. बासरीवाल्यांना मात्र सांगावं लागतं, कारण बासरीची फुंक बारीक आणि मोजकी, इथे हवा भरभरून आणि एका वेगाने सोडायची असते.

फुंका. आवाज येईल. ट्यूनर लावा आणि कुठला सूर दाखवतोय ते बघा. आता मात्र ट्यूनरची सेटिंग साधी, म्हणजे सी वरच ठेवा.

तपासणी: ऑल्टोच्या नेक-माउथपीसवर जी-शार्पच्या आसपास सूर आला पाहिजे, म्हणजे पेटीची काळी चार, सप्तकातली चौथी काळी पट्टी. ट्यूनरवर तो ए-फ्लॅट असाही दिसेल. टेनरवर ई, पांढरी तीन. सूर त्याच्या वर चढत असेल तर तुम्ही रीड चावताय, जबडा सैल करा. खाली लोंबत असेल तर कोपरे ढिले आहेत, किंवा हवा कमी पडतेय. ट्यूनर नसेल तर पेटीवर काळी चार दाबून ठेवा आणि कानाने जुळवा. कानासाठी ते जास्त चांगलं.

हा सूर आठ सेकंद न हलता टिकला, तोही सलग पाच वेळा, की पुढे जा. त्याआधी नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर खाली ठेवा आणि दोन मिनिटं बसा, सुरुवातीला तसं होतं. खालच्या ओठाच्या आत दातांचे व्रण उठत असतील तर जबड्याचा दाब जास्त होतोय. त्यावर ओठ कडक होईपर्यंत सोसायचं, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

६. वाद्य हातात: जी, ए, बी

पट्ट्याची लांबी अशी ठेवा की मान सरळ असताना माउथपीस आपोआप ओठांशी येईल. लोक पट्टा सैल ठेवतात आणि मान खाली घालून वाद्य गाठतात. महिन्याभरात मान धरते आणि दात चुकीच्या कोनात बसतात. वजन पट्ट्यावर. उजवा अंगठा मागच्या हूकखाली फक्त तोल सांभाळायला.

डावा हात वर, उजवा खाली. आता सगळ्यात नेहमीची चूक: डाव्या हाताच्या बाजूला वरून पहिली मोत्याची कळ दिसते, ती पहिल्या बोटाची नाही. तर्जनी वरून दुसऱ्या मोत्यावर. त्याच्या खाली एक चिमुकली कळ आहे, ती सध्या सोडा. तिच्या खालची मधल्या बोटाची आणि त्याखालची अनामिकेची.

- बी: फक्त तर्जनी.
- ए: तर्जनी आणि मधलं बोट.
- जी: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका.
- सी: फक्त मधलं बोट. हा दुसऱ्या आठवड्यात घ्या.

बोटं गोलाकार, पेराचा मांसल भाग मोत्यावर. बासरीसारखं बोट आडवं टाकून भोक झाकायची इथे गरज नाही, ते काम पॅड करतं. बोटं कळांपासून उचलून लांब नेऊ नका. तळहात वाद्याला चिकटवू नका, कारण दोन्ही हातांच्या बाजूला वरच्या सुरांच्या कळा आहेत. तळव्याचा नुसता स्पर्श झाला तरी एखादी उघडते आणि अचानक किंचाळी येते. नवशिक्यांच्या निम्म्या किंचाळ्या अशा तळहाताच्या असतात, ओठांचा त्यात काही दोष नसतो.

प्रत्येक सूर लांब धरा. मेट्रोनोम ६० वर, आठ मात्रा सूर, चार मात्रा विश्रांती. जी पासून सुरू करा. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना फुंक तुटू देऊ नका, फक्त बोट हलवा.

७. जीभ

नवशिके प्रत्येक सूर ‘हू, हू’ असा छातीतून ढकलतात किंवा घशात अडवतात. सूर सुटा करायचं काम जिभेचं. जिभेच्या टोकाने रीडचं टोक हलकेच शिवायचं आणि सोडायचं, ‘तू’ म्हणताना जीभ जशी पुढे येते तशी. ‘टू’ नको, त्यात जीभ मागे वळते आणि रीडपर्यंत पोचतच नाही. हवा सतत चालू, जीभ फक्त तिला क्षणभर तोडते.

आधी एकाच जी वर चार मात्रांत चार ‘तू’. मग ‘दू’, ते मऊ लागतं. वेग वाढवायची घाई नको.

तपासणी: हाताच्या पंजावर फुंकत ‘तू तू तू’ करून बघा. तळव्याला हवा सलग लागली पाहिजे, हुंदके दिल्यासारखी नाही.

८. पेटीचा सा आणि सॅक्सचा सा

ज्यांना पेटी किंवा गाणं थोडंफार येतं, ते इथे हमखास अडखळतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या. ऑल्टोवर तुम्ही सी ची बोटं लावून फुंकलं की कानाला पेटीची काळी दोन ऐकू येते, पांढरी एक नाही. ऑल्टो हे ई-फ्लॅटचं वाद्य आहे, लिहिलेला सी त्यावर ई-फ्लॅट वाजतो. टेनर बी-फ्लॅटचं, त्यावर सी वाजवला की काळी पाच येते. वाद्य बेसूर नाही, त्याची रचनाच तशी. हे माहीत नसल्याने भजनी मंडळात पेटीवाल्याने ‘पांढरी एकमध्ये घ्या’ म्हटलं की सॅक्सवाला सी पकडतो आणि सगळे एकमेकांकडे बघू लागतात.

ऑल्टोसाठी हा तक्ता कागदावर उतरवून सॅक्सच्या पेटीच्या झाकणात चिकटवा. डावीकडे पेटीची पट्टी, उजवीकडे ऑल्टोवर सा कुठला धरायचा ते:

- पांढरी एक: ए
- काळी एक: बी-फ्लॅट
- पांढरी दोन: बी
- काळी दोन: सी
- पांढरी चार: डी
- पांढरी पाच: ई
- काळी चार: एफ
- काळी पाच: जी

टेनरवाल्यांनी पेटीच्या सुरापेक्षा दोन पट्ट्या वर जायचं. म्हणजे पांढरी एकला डी, काळी पाचला सी. इथे पट्टी म्हणजे अर्धा सूर, काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून.

यातून एक फायदा लगेच घेता येतो. ऑल्टो असेल तर तानपुरा ॲप काळी पाचवर लावा. आता तुमचा जी हा सा, ए हा रे, बी हा ग आणि सी हा म. पहिल्या पंधरवड्यात डाव्या हाताच्या तीन बोटांत सा रे ग म आले. तानपुऱ्यावर सा लांब धरायचा आणि तो तारेत विरघळतोय का ते ऐकायचं. ट्यूनरची सुई बघत बसण्यापेक्षा आपल्याकडच्या माणसाला हे लवकर जमतं, असं माझं मत आहे.

सूर सगळेच खाली असतील तर माउथपीस किंचित आत ढकला, वर असतील तर बाहेर ओढा. हे वाद्य तापल्यावर करा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी गार वाद्य खालीच वाजतं. पाच मिनिटं लांब सूर वाजवल्यावर काय ते ठरवा, नाहीतर तापल्यावर पुन्हा सगळं वर जातं.

सावधान: ट्यूनरमध्ये ट्रान्सपोझिशनची सेटिंग असते. ऑल्टोला ई-फ्लॅट ठेवली की तुमच्या बोटांचंच नाव पडद्यावर येतं. पाचव्या टप्प्यातला सूर तपासताना ती परत सी वर आणायला विसरू नका.

९. उजवा हात

डाव्या हाताचे चार सूर स्थिर झाले की जी धरून ठेवा आणि उजवी बोटं एकेक वाढवत खाली उतरा.

- एफ: डाव्या तीन आणि उजवी तर्जनी.
- ई: त्यात उजवं मधलं बोट.
- डी: त्यात उजवी अनामिका, म्हणजे सहाही बोटं.
- एफ-शार्प: डाव्या तीन आणि उजवीकडे फक्त मधलं बोट, तर्जनी उचललेली.

खाली उतरताना सूर फुटतो किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. माणूस घाबरून ओठ आवळतो आणि सूर आणखी फुटतो. करायचं उलटं: जबडा थोडा सैल, घसा जांभई दिल्यासारखा मोकळा, हवा गरम आणि भरपूर. तरीही डी येत नसेल तर वाजत असताना दुसऱ्या कुणाला तरी सगळ्या कळा हळूच दाबून बघायला सांगा. एखादी दाबल्यावर सूर एकदम सुधारला तर तिथे गळती आहे.

डी पर्यंत पोचलात की ऑल्टोसाठी तानपुरा पांढरी चारवर लावा आणि डी ला सा माना. डी, ई, एफ-शार्प, ए, बी हे भूपाचे पाच सूर झाले, ऑक्टेव्ह कळ न वापरता. पहिली चाल वाजवायची ती या पाच सुरांतली. एखादं ओळखीचं बालगीत किंवा शाळेतली प्रार्थना कानाने शोधा.

१०. ऑक्टेव्ह कळ

डावा अंगठा गोल टेकूवर तिरका. कळ दाबताना अंगठा उचलायचा नाही, टोकाकडे झुकवायचा.

लांब जी धरा आणि ओठ अजिबात न बदलता कळ दाबा. जी वरच्या सप्तकात गेला पाहिजे. कळ सोडा, तो आपसूक खाली आला पाहिजे.

तपासणी: कळ सोडूनही सूर वरच अडकला तर तुम्ही अजून रीड चावताय. पाचव्या टप्प्यावर परत जा, दोन दिवस नुसता नेक.

मधल्या सी वरून वरच्या डी वर जाणं सगळ्यांनाच छळतं. एका बोटावरून एकदम सहा बोटं आणि अंगठा. आधी ए वरून डी ला जायचा सराव करा, तिथे दोन बोटं आधीच खाली असतात. मग बी वरून, शेवटी सी वरून.

रोजचा सराव, फ्लॅटमध्ये

अर्धा तास पुरे, पण रोज. पाच मिनिटं नेक, दहा मिनिटं लांब सूर, पाच मिनिटं जीभ, उरलेल्या वेळात सा रे ग म आणि चाल. रविवारी दोन तास एकदम वाजवून आठवडाभर सुट्टी घेतली तर ओठ सोमवारी होते तिथेच.

आवाजाचं काय? सॅक्सोफोनचा आवाज फक्त कर्ण्यातून येत नाही, उघड्या प्रत्येक भोकातून येतो. त्यामुळे कर्ण्यात टॉवेल कोंबून फारसा फरक पडत नाही, उलट खालचे सूर बिघडतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहा, खिडक्या लावा, आणि शेजाऱ्यांना वेळ सांगून ठेवा. संध्याकाळी सहा-सातची वेळ इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत बहुतेक सोसायट्यांना चालते. दुपारची झोप मोडू नका. काही जण पहाटे पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा मळ्यात जाऊन वाजवायचं म्हणतात. कल्पना छान आहे, पण मोकळ्यावर स्वतःचा आवाज परत येत नाही आणि नवशिका नकळत जोर लावू लागतो. पहिले दोन-तीन महिने बंद खोली बरी.

वाजवण्याआधी चूळ भरा, जमलं तर दात घासा. मिसळ खाऊन किंवा गोड चहा पिऊन तसंच फुंकलं की ते सगळं रीडवर आणि वरच्या पॅडवर जातं. साखरेने पॅड चिकटतात.

वाजवून झाल्यावर

रीड काढा, पुसा, डबीत सपाट ठेवा. माउथपीसवर ठेवून दिलेली रीड वाकडी सुकते. नेक आणि मुख्य नळीतून स्वॅब ओढा. माउथपीस आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवा. उकळतं पाणी नको, रबरी माउथपीसचा रंग उडतो आणि आकारही बिघडू शकतो.

पावसाळ्यात ओला स्वॅब वाद्याच्या पेटीत ठेवू नका, बाहेर वाळत घाला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रीडवर बुरशीचे ठिपके दिसले की ती रीड टाका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत वाद्य सोडून जाऊ नका. पॅड ज्या लाखेने किंवा गोंदाने चिकटवलेली असतात ती उष्णतेने मऊ होते आणि पॅड जागेवरून सरकतात.

काय बिघडलंय, कुठे बघायचं

किंचाळी आली तर आधी तळहात, मग रीड मध्यावर आहे का ते, मग माउथपीस किती तोंडात घेतलाय ते. खरखर ऐकू आली तर माउथपीसमध्ये थुंकी साचलीय, फुंक उलटी ओढून घ्या. नुसती हवा जात असेल तर रीड कोरडी किंवा कडक.

जी-शार्पची कळ सकाळी चिकटलेली असणं फार नेहमीचं. तिथे बोटांनी जोर लावू नका. पॅडखाली पातळ शोषक कागद सरकवा, कळ हलकी दाबा, सोडा, आणि मगच कागद बाहेर काढा. दाबलेल्या पॅडखालून कागद ओढला तर पॅडचं कातडं फाटतं.

दांडा वाकला, स्प्रिंग निसटली, पॅड गळून पडलं तर घरी पक्कड आणि फेविक्विक काढू नका. कारागिराकडे जाताना नेक, माउथपीस आणि रीड सोबत न्या, कोणता सूर कसा फुटतो ते कागदावर लिहून न्या, आणि दुरुस्तीनंतर तिथेच, दुकानात उभं राहून, हळू आवाजात खालच्या बी-फ्लॅटपर्यंत उतरून बघा किंवा कारागिराला उतरून दाखवायला सांगा. पैसे त्यानंतर.